बाबांची दोन बोटे

आमच्या बाबांना जाहिरात या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. आसेगावात आमचे कापडाचे दुकान. आजोबांनी ते थाटले आणि बाबांनी पन्नासहून अधिक वर्षे चालवले. इतरांच्या दुकानांवर चहाचे, साबणाचे, बिडीचे पत्र्याचे फलक झळकत; आमच्या दुकानात गादी, मीटरपट्टी, कात्री आणि ताग्यांनी भरलेली फडताळे यांखेरीज काही दिसत नसे. एखाद्या मिलचा माणूस अकोल्याहून रंगीत फलक घेऊन आला, तर बाबा त्याला चहा पाजत, फलक ठेवून घेत आणि तो गेल्यावर माळ्यावर टाकत. "माल चांगला असन, तं बोंबलाची काय गरज?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पावसाळ्यात कौले गळू लागली की ते फलक खाली येत आणि गळतीच्या जागी बसत. एका मिलच्या सुंदरीने आमच्या धान्याच्या कोठीवर कितीतरी पावसाळे काढले.

गिऱ्हाइकाने कापडाविषयी शंका काढली, तर बाबा बोलून पटवत नसत. ताग्याची कड उलगडत, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कापड धरून हलकेच चोळत. मग तेच कापड मुठीत घट्ट चुरगाळून दोन श्वासांपुरते धरत आणि मूठ उघडत. चुणी मोडून कापड पूर्ववत झाले तर एक भाव, चुणी तशीच राहिली तर दुसरा. खळ घालून जाड केलेले कापड असेल, तर चोळताना बोटांना पांढुरकी पूड लागते. ती बोटे ते गिऱ्हाइकासमोर धरत. "आता तुमीच पाहा," एवढेच शब्द. आम्हां दोघा भावांनाही त्यांनी हे शिकवले. दादा शिकला. मी शिक्षणासाठी अकोल्याला गेलो, एम. कॉम. झालो, बँकेत लागलो. माझ्या बोटांना नोटा मोजण्याची सवय जडली आणि कापडाची विद्या विसरली. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून बँकेतल्या जुन्या सवयीनुसार आधीच नोंदवून ठेवतो.

बाबांच्या अगदी उलट, मला लहानपणापासून जाहिरातींचे वेड. त्यातही चित्रातल्या चमत्कारिक माणसांच्या जाहिरातींचे. त्याचा उगम पोळ्यात आहे. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात शेजारच्या दुकानात बैलांची शिंगे रंगवण्यासाठी रंगाचे छोटे डबे येत आणि त्यांबरोबर एक खट्याळ पोरगा येई. एका डोळ्यावर केसांची झुलपे, हातात रंग ठिबकणारा ब्रश. त्याचे नाव गट्टू. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी त्याला १९५४ साली काढले होते, आणि त्याचे नाव लोकांकडून स्पर्धा घेऊन ठरवले गेले होते, हे मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा एवढेच वाटे की, हा पोरगा डब्यावरून उतरून आपल्या बैलाची शिंगे रंगवील तर किती बरे होईल. तो कधी हलला नाही. मनातल्या मनात मीच त्याला हलवीत असे.

चित्र खरोखर हलताना पाहिले ते यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवण्याची सक्ती होती. प्रेक्षक त्या वेळात शेंगदाणे सोलत, बायका पोरांना जागा करून देत. पण एखाद्या वेळी माहितीपटाऐवजी रेखाटलेली माणसे पडद्यावर येत आणि सारा तंबू शांत होई. त्या चित्रांमागे मुंबईतला एक लहानसा विभाग होता. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे अमेरिकन चित्रकार १९५६ साली मुंबईत आले, आणि त्यांनी फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागातील तरुणांना ही कला शिकवली. त्या तरुणांतले राम मोहन पुढे या क्षेत्राचे भीष्माचार्य ठरले. १९६८ साली ते सरकारी नोकरीतून बाहेर पडले, १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि असंख्य जाहिरातपट केले. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'त इतिहास सांगणारी गमतीदार हलती चित्रे आहेत, तीही त्यांचीच. सरकारी नोकरी सोडण्याचे धाडस करणाऱ्या माणसाविषयी मला विशेष आदर आहे, कारण ते मला कधी झाले नाही.

याहूनही मागे जायचे, तर या कलेचे मूळ आपल्या महाराष्ट्रातच सापडते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला होता. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा किंचित सरकवायची, पुन्हा एक चित्र. आणि सगळी चित्रे भराभर पडद्यावर टाकली की काड्या आपोआप नाचू लागतात. आज तो चित्रपट उपलब्ध नाही. हिशेबी माणसाला यातली मेहनत चटकन कळते. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे जातात, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला सातशे वीस. दिवसाला सातशे व्हाउचर तपासलेल्या माणसाला विचारा सातशे म्हणजे काय ते. आणि एवढे करून पाहणाऱ्याने म्हणायचे, "छान होते," आणि चॅनल बदलायचे.

दूरदर्शनने १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती घ्यायला सुरुवात केली, पण आमच्या घरी टीव्ही आला तो 'रामायण'च्या वेळी, १९८७ मध्ये. आईच्या आग्रहामुळे आला. बाबा रविवारी सकाळी हात जोडून बसत आणि जाहिरात लागली की हात सोडून पेपर उघडत. मात्र एका जाहिरातीने त्यांना पेपर बाजूला ठेवायला लावले. लिज्जत पापडाचा तो हसरा ससा! त्याचे ते खदखदून हसणे घरातल्या पोरांना तोंडपाठ झाले होते. बाबांनी गंभीरपणे विचारले, "ससा काय पापड खाते?" त्यावर काय उत्तर देणार? मी सांगू लागलो की, हे कार्टून असते, त्यात काहीही चालते. इथेही माझी चूकच होती. तो ससा रेखाटलेला नव्हता. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची ती बाहुली होती. ज्यांच्या अर्धवटरावाने महाराष्ट्राला हसवले, त्यांच्याच हातांनी तो ससा हसत होता.

पापडाच्या त्या संस्थेची गोष्ट मी एकदा बाबांना सांगितली. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ही ती गोष्ट. बाबांनी विचारले, "तारण काय ठेवलं?" मी म्हणालो, काही नाही. ते म्हणाले, "मंग तुह्या बँकेनं देल्ले नसते." माझ्या नोकरीविषयीची बाबांची ही सर्वांत परखड टीका होती, आणि तिला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

आता मूळ विषयाकडे येतो.

२००९ च्या जानेवारीत, संक्रांत होऊन आठवडाही झाला नसेल, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अकोल्याला तीन आठवडे उपचार झाले. डॉक्टरांनी आम्हांला नीट समजावले की मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यामुळे शब्द जुळवण्याची शक्ती गेली आहे. पण त्यांना समजते सगळे, म्हणून त्यांच्यासमोर लहान मुलासमोर बोलल्यासारखे बोलू नका. हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. बाबांनी तोंड उघडले की 'ता-ता' एवढाच ध्वनी निघे. पहिले काही दिवस त्यांनी प्रयत्न केला. मग एके दिवशी त्यांनी प्रयत्न सोडला आणि ते नुसतेच भिंतीकडे पाहू लागले. आसेगावला परत न्या, हे त्यांनी डोळ्यांनीच सांगितले आणि आम्ही त्यांना घरी आणले.

माझी नेमणूक तेव्हा अकोल्याला होती. त्या काळी शनिवारी बँका अर्धा दिवस चालत. दुपारी शटर खाली झाले की मी बस पकडून आसेगावला जाई आणि सोमवारी पहाटे परत निघे. सेवा सगळी दादा आणि वहिनी करीत. मी आठवड्यातून दीड दिवस येणारा तपासनीस. हा शब्द माझा नाही, दादाचा आहे, आणि तो पुढे येईलच.

त्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकांमुळे आयपीएलचे क्रिकेट दक्षिण आफ्रिकेत खेळवले गेले. १८ एप्रिल ते २४ मे. दादाच्या नातवासाठी बाबांच्या खोलीतला टीव्ही रोज संध्याकाळी सुरू असे. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणे आटोपलेली, त्यामुळे आठच्या सामन्याला घर मोकळे. भारनियमनात वीज गेली तर इन्व्हर्टरवर तासभर निघे; पंखा बंद, टीव्ही सुरू, असा नातवाचा न्याय होता. आणि त्या सामन्यांच्या षटकांमधल्या जागेत ती मंडळी अवतरली. पांढरीशुभ्र, काडीसारख्या हातापायांची, मोठ्या गोल डोक्यांची. कुणी धडपडे, कुणी पळे, कुणी पोट धरून हसे. बोलणे म्हणजे नुसता कलकलाट. कोणत्याही भाषेतला एक शब्द नाही. शेवटी मोबाइलच्या एखाद्या सेवेचे नाव येई आणि संपे. व्होडाफोनचे झूझू. साऱ्या देशाने त्यांच्या डोक्यांना अंड्याची उपमा दिली होती. आमच्या घरात ती उपमा चालण्यासारखी नव्हती, म्हणून वहिनींनी त्यांचे 'कोहळे' असे नामकरण केले. "आले पाहा कोहळे," असे त्या स्वयंपाकघरातून ओरडत.

आणि बाबा हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा. मी तेव्हा तिथे नव्हतो; दादाने रात्री साडेनऊला फोन करून सांगितले. अर्धेच तोंड हलते, त्यामुळे ते हसणे वाकडे होते, पण आवाजासकट होते. पुढच्या शनिवारी मी स्वतः पाहिले. त्या प्राण्यांनाही बोलता येत नव्हते, पण त्यांचे सगळे सगळ्यांना कळत होते. बाबांना त्यात काय दिसले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण तो माझा तर्क होईल आणि बाबांच्या हावभावांवर तर्क करून मी आधीच एकदा तोंडघशी पडलो आहे.

त्याचे असे झाले. हसण्याच्या पाठोपाठ बाबांनी डावा हात वर करून एक खूण करायला सुरुवात केली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळायची. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मग मूठ आवळायची आणि उघडायची. आमच्याकडे पाहायचे. आम्हांला कळले नाही की भुवया चढत, 'ता-ता' सुरू होई आणि शेवटी ते चिडून मान फिरवत.

अंगठा आणि तर्जनी चोळणे म्हणजे काय? वाचकहो, तुम्हीच सांगा. जगात कुणालाही विचारा. पैसा! मी सत्तावीस वर्षे बँकेत काढलेली. माझ्या मनात दुसरी शंकाही आली नाही. आणि मूठ आवळून उघडणे? पैसे दिले आहेत, किंवा द्यायचे आहेत, किंवा कुणीतरी मुठीत ठेवले आहेत. बाबांची जुनी उधारी कुणाकडे राहिली असेल, कुणाचे दागिने त्यांच्याकडे ठेवलेले असतील, ते सांगायची त्यांची धडपड आहे, अशी मी पक्की खूणगाठ बांधली. पुढच्या खेपेस त्यांच्या मुदत ठेवींच्या पावत्या घेऊन आलो आणि एकेक त्यांच्यासमोर धरली. वारसनोंद दाखवली. त्यांनी पावती हाताने बाजूला सारली. मग मी माळ्यावरून जुन्या खतावण्या काढल्या. धूळ झाडत एकेक नाव मोठ्याने वाचले. बाबांनी डोळे मिटून घेतले.

इथपर्यंत ठीक होते. त्यानंतर मी जे केले ते लिहायला संकोच वाटतो, पण ते वगळले तर हा लेखच लिहिण्यात अर्थ नाही. मी दादाला म्हणालो, "गेल्या चार-पाच वर्षांची दुकानाची रोकडवही एकदा पाहू दे. बाबांच्या मनात काहीतरी आहे."

दादाने माझ्याकडे पाहिले. लग्नसराईचे दिवस, दिवसभर दुकानात उभा राहून तो नुकताच घरी आला होता. आल्या आल्या त्याने बाबांची कूस बदलली होती, अंग पुसले होते. तो काही बोलला नाही. आत गेला, कपाटाच्या किल्ल्या आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. "घे. तपासनीस आहेस, तपास कर." एवढे बोलून तो अंगणात जाऊन बसला. वहिनींनी त्या रात्री माझ्याशी एक शब्दही काढला नाही. सकाळी चहाचा कप समोर आला, पण तो नेहमीप्रमाणे "भाऊजी, घ्या" असे म्हणून आला नाही.

मी किल्ल्या घेतल्या नाहीत. पण मागितल्या होत्या, ते तर झालेच होते. दादाला वाटले असणार की बाबांनाच आपल्यावर संशय आहे, म्हणूनच ते बोटे चोळतात. त्या काळात तो बाबांच्या खोलीत टीव्ही लागलेला असताना जाईनासा झाला. बोटे चोळली जातात ती त्याच्या देखतच, असा त्याचा समज झाला होता.

कोडे सुटायला सुरुवात झाली ती दादाच्या नातवामुळे. तो नऊ वर्षांचा. क्रिकेटवर एक डोळा आणि पणजोबांवर एक डोळा ठेवून बसणारा. मला म्हणाला, "छोटे आजोबा, ते नेहमी नाही करत. कोहळे आले की मगच करतात." मी तपासून पाहिले. खरेच होते. सामना सुरू असताना हात स्वस्थ. इतर जाहिरातींना स्वस्थ. कोहळे आले की बोटे सुरू. आणि दुसरा हात उचलत नसल्यामुळे ते डाव्या हातानेच आधी पडद्याकडे दाखवत आणि मग बोटे चोळत. आम्ही फक्त बोटे पाहत होतो.

मी म्हणालो, "बाबा, कार्टून आहेत ती. कॉम्प्युटरवर काढलेली." त्यांनी जोरात मान हलवली. नाही. माझा मुलगा तेव्हा पुण्यात संगणकाचे शिक्षण घेत होता. त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्यानेही छातीठोकपणे सांगितले, "आजोबा, थ्री-डी ॲनिमेशन आहे ते, खूप भारी सॉफ्टवेअर लागतं." बाबांनी फोनकडे असे पाहिले की, मिलच्या त्या सुंदरीच्या फलकाकडेही त्यांनी कधी तसे पाहिले नव्हते.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. शाखेत दुपारच्या डब्याच्या वेळी इंग्रजी वर्तमानपत्र चाळत होतो. आतल्या पानावर त्या पांढऱ्या मंडळींचे छायाचित्र आणि मथळा. झूझू म्हणजे ॲनिमेशन नव्हेच; ती खरी माणसे आहेत, असे त्यात लिहिले होते. ओगिल्व्ही अँड मेदर या जाहिरात कंपनीत राजीव राव यांनी ही कल्पना मांडली आणि निर्वाणा फिल्म्सचे प्रकाश वर्मा यांनी ती दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला चित्रित केली. याच मंडळींनी पूर्वी हचसाठी मुलाच्या मागे धावणारा तो सुरकुतलेला पग कुत्रा आणला होता. रोज एक नवी जाहिरात दाखवता यावी म्हणून तीसच्या आसपास छोटे चित्रपट करायचे होते, आणि संगणकावर तेवढे काम तेवढ्या वेळात होणे अवघड. म्हणून शिडशिडीत बायकांना पांढऱ्या कापडाचे अंगरखे चढवले, डोक्यावर मोठे गोल मुखवटे बसवले, भोवतालची खुर्ची-टेबले मुद्दाम मोठ्या आकाराची केली, म्हणजे आतली माणसे लहान वाटावीत. पार्श्वभूमी करडी, साधी. हालचाली अशा बसवल्या की माणूस चित्रासारखा हलावा.

आणि मग ते वाक्य आले. अंगरख्यांसाठी दोन प्रकारची कापडे पाहिली गेली. त्यातले एक नाकारले, कारण त्याला चुण्या पडत होत्या. हालचाल करताना चुणी दिसली असती तर आत माणूस आहे हे प्रेक्षकाला कळले असते. म्हणून दुसरे, जवळजवळ चुणी न पडणारे कापड निवडले.

डबा तसाच राहिला. अंगठा आणि तर्जनी. मग मूठ आवळायची, दोन श्वास धरायची, उघडायची. तीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसून मी ती खूण पाहिली होती आणि मला तिच्यात पैसा दिसला होता! बाबांना कोहळ्याच्या कोपरावर किंवा गुडघ्यामागे कुठेतरी कापड वळलेले दिसले असणार. हे कापड आहे, आत माणूस आहे, एवढेच ते सांगत होते. साऱ्या देशाला फसवण्यासाठी केपटाऊनला निवडलेले कापड आसेगावच्या एका आजारी कापडवाल्याने खाटेवरून ओळखले होते.

मी कात्रण कापून घेतले आणि शनिवारची वाट न पाहता त्याच संध्याकाळी रजा टाकून निघालो. घरी पोहोचलो तेव्हा भारनियमन सुरू होते. दादा अंगणात पाण्याची बादली भरत होता. आधी बाबांकडे जावे की दादाकडे, असा क्षणभर प्रश्न पडला. मी दादाकडे गेलो. टॉर्चच्या उजेडात त्याला ते वाक्य वाचून दाखवले आणि मराठीत सांगितले. "ते कापड चोळत होते, दादा. हिशेब मागत नव्हते. मी चुकलो." दादाने कात्रण हातात घेतले. इंग्रजी त्याला फारसे येत नाही, तरी तो बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला. मग बादली तशीच ठेवून तो बाबांच्या खोलीत गेला, कितीतरी दिवसांनी, आणि खाटेच्या काठावर बसून त्याने स्वतःच्या धोतराचा सोगा बाबांच्या डाव्या हातात दिला.

बाबांनी तो चोळला. मुठीत चुरगाळला. मूठ उघडली. चुणी पाहिली आणि दादाकडे बघून मान डोलावली. मग माझ्या शर्टाची बाही ओढून तीही चोळली. टेरिकॉट होते; अकोल्याला तयार कपड्यांच्या दुकानातून सवलतीत घेतलेले. त्यांनी तोंड वाकडे केले. ते आजारामुळे झालेले वाकडे नव्हते, वेगळे होते, आणि ते आम्हां दोघांनाही ओळखता आले. दादा इतका हसला की वहिनी दिवा घेऊन धावत आल्या.

त्या उन्हाळ्यात उरलेल्या सामन्यांना आम्ही सगळे बाबांच्या खोलीत बसत होतो. ते दाखवत, दादा "हो, हो, दिसली" म्हणे. मला कधीच काही दिसले नाही, पण मीही "हो" म्हणे. माझ्या मुलाने पुण्याहून फोन करून आजोबांची रीतसर माफी मागितली. बाबांनी फोनवर दोन बोटे चोळली. पलीकडे ते दिसणार नव्हते, हे त्यांना कळत होते; पण चोळली.

त्यानंतर घरात बोलण्याची एक नवी रीत पडली. बाबांना काही सांगायचे असले की आम्ही अर्थ लावण्याची घाई करीत नसू. ते कशाकडे पाहत आहेत ते आधी पाहायचे, हातांकडे नंतर. वहिनींना हे सर्वांत चांगले जमले. पाणी, कूस, खिडकी, नातू, देवळाची घंटा, सगळे त्यांना कळे. मला शेवटपर्यंत निम्मेच कळले.

२०१० च्या फेब्रुवारीत बाबा गेले. मार्चमध्ये पुन्हा आयपीएल सुरू झाले आणि ती पांढरी मंडळी नव्या जाहिराती घेऊन आली. मी शनिवारी आसेगावलाच होतो. खोलीतली खाट उचललेली, टीव्ही त्याच जागी. दादा आणि मी खाली सतरंजीवर बसलो होतो. एक कोहळा पळत आला, अडखळला, पडला, उठला. मी पुढे सरकून त्याच्या कोपराकडे, गुडघ्याकडे डोळे ताणून पाहिले. एकही चुणी नाही.

"मला तर काहीच दिसत नाही," मी म्हणालो.

दादाची नजर पडद्यावरच होती. "तुले नाही दिसाची," तो म्हणाला. "तू बँकेतला माणूस."